गवसणी आणि पेटी: मराठवाड्यातल्या वाद्यांच्या प्रवासाचा इतिहास

संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "वाद्यांच्या बांधाबांधीवर बोलतो." फोनवर थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही. मग प्रश्न आला, "म्हणजे सर, संगीताचा इतिहास ना?" म्हटलं, हो, तोच. फक्त मैफल संपून टाळ्या थांबतात, लोक चपला शोधायला लागतात आणि स्टेजवर कुणीतरी तबल्याला कापड गुंडाळत असतं, तिथून मी सुरुवात करणार आहे. (हशा)

मी इतिहास शिकवला आणि तीस वर्षं तबल्याची साथ केली. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं सांगता येईल. आणखी एक खुलासा. आपल्या शहराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलं तेव्हा ते खडकी होतं, नंतर औरंगाबाद झालं. मी ज्या काळाबद्दल बोलेन, त्या काळाचं नाव वापरेन.

आता दोन शब्द घेऊ. पहिला गवसणी. आपण सगळे म्हणतो, अमक्याने आकाशाला गवसणी घातली. गवसणी म्हणजे काय, असं मी वर्गात विचारायचो. मुलं सांगायची, मिठी, झेप, भरारी. गवसणी म्हणजे खोळ. तंबोऱ्यावर, वीणेवर घालायचं कापडी आवरण. घरातलं जुनं लुगडं, आत कापूस, रजईसारखे टाके. आकाशाला गवसणी घालायची म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तूला मापाची खोळ शिवायची. अशक्य कामासाठी ही प्रतिमा ज्या भाषेला सुचली, तिच्या लोकांनी वाद्यांच्या खोळी शिवण्यात बराच वेळ घालवला असणार.

दुसरा शब्द पेटी. हार्मोनियमला आपण बाजाची पेटी म्हणतो, किंवा नुसतं पेटी. "पेटीवर कोण आहे?" असं विचारतो. म्हणजे वाद्याला त्याच्या बांधणीचंच नाव पडलं. सतारीला कुणी 'भोपळा' म्हणत नाही. पण हे वाद्य आपल्याकडे आलं तेच बंद करून, कडीला धरून उचलता येईल असं. लोकांनी ते ओळखलं आणि नाव ठेवून दिलं.

या दोन शब्दांच्या मध्ये आजचं व्याख्यान आहे. माझं म्हणणं साधं आहे. कोणतं संगीत कुठे पोचलं हे ते किती चांगलं होतं यावर जेवढं ठरलं, तेवढंच ते कोण उचलणार आणि कशावर लादणार यावरही ठरलं. ही दुसरी बाजू आपण लिहून ठेवत नाही.

सुरुवात आपल्या शहराच्या उत्तरेला, डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपासून करू. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गर्भगृहात एक शिल्पपट आहे. साधारण सहाव्या शतकातला. मधोमध नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पुढच्या रविवारी जा. बीबी का मकबऱ्याच्या मागेच आहे. त्यात बासरी आहे, चामड्याची वाद्यं आहेत, झांजा आहेत. मी साथीदाराच्या नजरेने पाहतो तेव्हा मला एक गोष्ट दिसते. सगळी वाद्यं एका माणसाला एकटीने उचलता येतील अशी आहेत. कमरेला, हातात, ओठाला. हा संच उठून चालू लागला तर मागे हमाल लागणार नाही.

तिथून सहाशे-सातशे वर्षं पुढे या. अंतर फक्त पंधरा-वीस किलोमीटर. देवगिरी. यादव राजा सिंघण, कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय, त्यातला सहावा वाद्याध्याय. हा शार्ङ्गदेव नोकरीने श्रीकरणाचा प्रमुख होता. म्हणजे हिशेबखातं. पुढे हेमाद्री ज्या पदावर आला, तेच. मला नेहमी वाटतं, संगीतावरचा एवढा शिस्तशीर ग्रंथ हिशेबनीसच लिहू शकतो. (हशा) तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारांची, फुंकायची, चामड्याची आणि धातूची. हे चार वर्ग भरतापासून चालत आलेले, पण शार्ङ्गदेव ते वहीत नोंद घ्यावी तसे लावतो. उत्तम गायनवृंदाची तर तो संख्याच देतो. मुख्य गायक ४, त्यांच्या साथीला गाणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४, मृदंगवाले ४. बेरीज ३२.

आता ही बेरीज व्यवस्थापकाच्या डोळ्यांनी वाचा. ३२ माणसांत वाद्यं घेऊन बसलेले फक्त ८. बाकी २४ जणांचं वाद्य गळ्यात. म्हणजे त्या काळातला मोठ्यात मोठा वृंद हलवायचा तर माणसांची सोय करावी लागे, सामानाची फारशी नाही. आज उलट आहे. आठ कलाकारांचा कार्यक्रम असेल तरी एक टेम्पो लागतो.

त्या चार वर्गांकडे बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येकाचा शत्रू वेगळा आहे. तंतुवाद्याला धक्का मारतो. चामड्याला हवा मारते: आपल्या चैत्र-वैशाखात पुडी कोरडी होऊन चढते, पावसाळ्यात सर्द होऊन उतरते. बांबूच्या बासरीला कोरडेपणाने चीर जाते. धातूचं काही बिघडत नाही, पण ते शेजारच्याला बिघडवतं. टाळ आणि तबला एका पिशवीत कधीही ठेवू नये, हा नियम मला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. फाटलेल्या पुडीने शिकवला.

देवगिरीचं दौलताबाद झालं. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली. त्यानंतर काही वर्षांनी इब्न बतूता दौलताबादला आला. त्याने एका बाजाराचं वर्णन केलं आहे, नाव तरबाबाद. आनंदाची वस्ती म्हणा. गाणाऱ्या पुरुषांची आणि स्त्रियांची दुकानं, आत गालिचे, दुकानातूनच घरात जायला दार. बाजाराच्या मधोमध एक मोठा मंडप. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर कलावंतांचा प्रमुख तिथे येऊन बसे आणि गाणाऱ्यांचे ताफे एकामागून एक येऊन सूर्यास्तापर्यंत गात-नाचत.

हे वर्णन वाचताना एक लक्षात घ्या. इथे कुणी काही बांधत नाही. वाद्यं जिथे राहतात तिथेच वाजतात. श्रोते चालत येतात. हा एक टोकाचा प्रकार झाला.

दुसरं टोक मुघल छावणीचं. 'आईन-ए-अकबरी'मध्ये बादशाही नक्कारखान्याची यादी आहे. दमामा साधारण १८ जोड्या, नक्कारे २० जोड्या, ढोल ४, कर्णे चारपेक्षा कमी नाहीत, सुरना ९, शिंगं २, झांजांच्या ३ जोड्या. हा पसारा राजवाड्यात ठेवायला ठीक आहे, पण बादशहा फिरतीवर निघाला की तोही निघे. औरंगजेबाबरोबर १६६०च्या दशकात प्रवास केलेला फ्रेंच वैद्य बर्निए सांगतो की बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राही. त्याला म्हणत पेशखाना. त्याच्या आकड्यांप्रमाणे एका संचाला साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल. आज जगभर दौरे करणारे मोठे बँड दोन स्टेज घेऊन फिरतात, एक वाजत असतं तेव्हा दुसरं पुढच्या शहरात उभं राहत असतं. ती युक्ती नवी नाही.

अर्थात असला पसारा राज्याच्या खजिन्यावरच चालतो. ज्याच्यामागे खजिना नाही त्याने काय करायचं? त्याचं उत्तर पैठणच्या रस्त्यावर आहे.

आषाढीसाठी एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते. दिंडीत पखवाज गळ्यात अडकवलेला, टाळ दोरीने गळ्यात, आणि वीणा विणेकऱ्याच्या खांद्यावर. वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक आहे. एकाला विसावा हवा असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. बांधाबांधीचा प्रश्न वारकऱ्यांनी असा सोडवला की वाद्य बांधायचंच नाही. प्रवास हाच कार्यक्रम. तंबू, भांडी, शिधा हे सगळं पूर्वी गाडीवर, आता ट्रकमध्ये. वाद्य मात्र अंगावर. गोंधळ्याचं संबळ आणि तुणतुणं असंच. कमरेला बांधलं, खांद्यावर घेतलं, चालू लागला. हलगीला तर फक्त जाळ लागतो. वाजवण्याआधी शेकून घ्यायची की ती बोलते. म्हणून पावसाळ्यात हलगीवाला वाद्याइतकीच कोरड्या काटक्यांची आणि कागदाची काळजी घेतो. हेही सामानच की.

इथवर सगळं माणसाच्या आणि जनावराच्या पाठीवर होतं. १९००च्या सुमारास औरंगाबादला रेल्वे आली. हैदराबाद संस्थानची हैदराबाद–गोदावरी व्हॅली लाइन, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत थेट सिकंदराबादला. ही मीटरगेज. मनमाडपर्यंत मुंबईकडून येणारी लाइन ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबई-पुण्याकडून येणारी प्रत्येक ट्रंक मनमाडला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढायची. मनमाड–औरंगाबाद रुळ रुंद झाले ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं आपल्याकडे येणाऱ्या तंबोऱ्याला एक जास्तीची उचल होती. बांधणाऱ्याला विचाराल तर धोका चालत्या गाडीत कमी, उचलताना आणि ठेवताना जास्त. जुने साथीदार मनमाडचं नाव काढलं की आधी हमालाची आठवण सांगायचे, मग चहाची.

त्याच काळात संगीत नाटक भरात होतं. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०चं, गंधर्व नाटक मंडळी १९१३ची. पडदे, पोशाख, दागिने आणि साथीला ऑर्गन. ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचं मोठं कपाट. ते हलवायला दोन-चार माणसं हवीत. हार्मोनियमही मूळचं तसंच. पॅरिसच्या द्बेंने १८४०च्या सुमारास केलेलं, खुर्चीवर बसून पायाने चालवायचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास भाता मागच्या बाजूला घेतला, पाय काढून टाकले, आणि वाद्य जमिनीवर आलं. आपण याला संगीतातला बदल म्हणतो. तो तेवढाच सामानातला बदल होता. वजन उतरलं, घडी झाली, वर झाकण आलं, बाजूला कड्या आल्या. पेटी झाली! मग ती कीर्तनात गेली, भजनात गेली, खुलताबादच्या उरुसात कव्वालांच्या पुढ्यात गेली, तमाशाच्या फडात गेली. हार्मोनियमवर श्रुतींच्या बाजूने जे आक्षेप घेतले गेले, ते सगळे विद्वानांचे होते आणि बरेचसे बरोबर होते. पण सारंगी घेऊन फिरणाऱ्याला रोज उतरलेल्या तारा लावत बसावं लागतं, आणि पेटीवाला झाकण उघडतो आणि सुरू करतो. भांडण इथेच निकालात निघालं.

तरी पेटीचाही शत्रू आहे, आणि तो खास आपल्याकडचा: धूळ. सुराच्या पितळी पट्टीखाली एक कण अडकला की तो सूर बसतो, नाहीतर ओरडत राहतो. म्हणून आमचे पेटीवाले काका पेटीवर आधी मऊ धोतराची घडी, मग खोळ, मग ट्रंक असं करायचे. जालना रस्त्याला लागलं की ते धोतर तपासायचे. (हशा)

आता एस.टी. निजाम राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्ये आपल्या भागात बसगाड्या सुरू केल्या. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर पुढे लाल गाडी आली. जिथे रेल्वे नाही तिथे गाडी पोचली, आणि तिच्याबरोबर एक नवं माप आलं: टपावर काय मावतं आणि मांडीवर काय मावतं.

या मापात सगळ्यात चपखल बसला तो आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात नाशिककडे जलसे उभे केले. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले. आपल्याकडे १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, नागसेनवनातून शिकून मुलं गावी जायला लागली, आणि पुढे नामांतराच्या वर्षांत तर मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांतून ही गाणी ऐकू आली. संच केवढा? एक पेटी, एक ढोलकी, हलगी किंवा डफ, तुणतुणं, झांज. चार-पाच माणसांच्या मांडीवर मावेल एवढा. त्यामागे गरिबी होती, हे उघड आहे. पण दुसरंही कारण होतं. काही गावांत हा कार्यक्रम करणं म्हणजे विरोध ओढवून घेणं होतं. पाच मिनिटांत मांडता येणारा आणि पाच मिनिटांत उचलता येणारा संच तिथे कामाचा. स्पीकर नसला तर नसला, ढोलकी आणि गळा पुरे. ज्या संगीताने आपल्या भागात सर्वांत जास्त माणसं बदलली, त्याचं सगळं सामान एस.टी.च्या दोन बाकांवर मावत होतं. कार्यक्रमांच्या इतिहासात गाणी येतात, कवी येतात. ती ढोलकी गावाबाहेरच्या थांब्यापासून वस्तीपर्यंत कुणी नेली, ते येत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. १९९४चा मे महिना. आम्ही एका गायिकेबरोबर अंबाजोगाईकडे निघालो होतो. सामान टपावर चढवायचं काम माझ्याकडे. तंबोरा मिरजेचा, त्या बाईंच्या वडिलांनी घेतलेला. मी तो गवसणीत घालून वर आडवा ठेवला, आणि हलू नये म्हणून कडेने दोन ट्रंका लावून दोर आवळला. मला वाटलं घट्ट म्हणजे सुरक्षित. उतरवताना गवसणीतून खुळखुळ आवाज आला. भोपळ्याला तडा. बाई काही बोलल्या नाहीत. पेटीच्या षड्जावर गायल्या, आणि चांगल्या गायल्या. परतीच्या गाडीत पेटीवाले काका मला एवढंच म्हणाले, "अरे, भोपळा हे फळ आहे. फळावर ट्रंक ठेवतोस का बाजारातून येताना?"

तेव्हापासून मला बांधणीचा नियम कळला. हलू द्यायचं, पण आपटू द्यायचं नाही. भोपळ्याच्या खाली मऊ, बाजूला मोकळं, वर काहीच नाही. उन्हात निघायचं तर तारा थोड्या उतरवायच्या. घोडी जागच्या जागी राहतेय ना पाहायचं, जवारीचे दोरे वेगळ्या डबीत. पखवाजाची कणीक रात्रीच खरवडून काढायची, नाहीतर सकाळी उंदीर कार्यक्रम करतो. हातोडी, चुंबळी, पावडर हे ज्याच्या वाद्याचं त्याच्याच पिशवीत, 'सगळ्यांचं एकत्र' अशा पिशवीत कधीही नाही. कारण सगळ्यांची पिशवी कुणीच उचलत नाही. (हशा) आणि झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवायची. जाताना वाचायची, आणि परत येताना जास्त लक्षपूर्वक वाचायची, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात.

नंतरचं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. गणपतीतले ऑर्केस्ट्रा, कोंगो, बोंगो, ड्रमसेट, अ‍ॅकॉर्डियन, मोठाले स्पीकर. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचं ऑक्टोपॅड आलं. आठ रबरी चौकोन, एका बॅगेत. ट्रकभर तालवाद्यांचं काम त्या बॅगेने घेतलं. व्यवस्थापकाचं भाडं वाचलं, आणि तीन-चार वादकांची जागाही गेली. त्याआधीच १९७०च्या दशकात बंगळुरूला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला होता. आता तो मोबाइलमध्येच असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. पण त्याच वर्षी आपल्या शहरात मी साथ केलेल्या कार्यक्रमांत खरा तंबोरा किती वेळा होता, ते बोटांवर मोजता येईल.

मी यावर रडगाणं गाणार नाही. पेटी आली तेव्हाही सारंगी मागे राहिली, आणि पेटीनेच आम्हाला जगवलं. हलकं झालं म्हणून संगीत जास्त गावांना गेलं, हे खरं आहे. फक्त प्रत्येक वेळी काहीतरी घरी ठेवलं गेलं. ते काय होतं आणि कुणी वाजवत होतं, याची नोंद असावी, एवढंच. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर व्हायचा, पुढे सोनेरी महालाच्या आवारात आला. त्या कार्यक्रमांची छायाचित्रं आपल्याकडे आहेत. त्यात दिवे लागलेले दिसतात, कलाकार दिसतात. पहाटे तीन वाजता अंधारात केबल गुंडाळणारी माणसं दिसत नाहीत. त्यांना माहीत आहे तो इतिहास दुसऱ्या कुणाकडे नाही.

म्हणून शेवटी विनंती. तुमच्या घरात जुनी ट्रंक असेल, आजोबांच्या पेटीची खोळ असेल, झाकणावर खडूने लिहिलेलं गावाचं नाव असेल, रेल्वेच्या सामानाची पावती असेल, तर टाकू नका. फोटो काढा, आजीला विचारा, तारीख लिहा. एखाद्या जलशात, फडात किंवा बँडमध्ये सामान उचललेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याशी एक तास बोला आणि रेकॉर्ड करा. मी स्वतः अशा आठवणी गोळा करतोय. आतापर्यंत दोन वह्या झाल्या आहेत.

त्या तंबोऱ्याचं काय झालं, असं कुणीतरी विचारणारच. बाईंनी तो मिरजेला पाठवला, नवा भोपळा बसला. पाठवताना गवसणी मात्र त्यांनी स्वतः शिवली, दुप्पट कापूस घालून. आणि मला सांगितलं, "तुम्ही फक्त तबला उचला."

थांबतो.